मूर्तिजापूरचा ध्रुव

...आणि वर दुर्बिणीच्या त्या पुस्तिकेत लिहिलंय काय, तर 'माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे करा आणि स्क्रू आवळा.' संपलं. एक ओळ. पुढच्याच ओळीत, 'आता तुम्ही आकाशाचा आनंद घेऊ शकता.' अहो, कसला आनंद घेऊ शकता? बावीस दिवस, तुम्हाला सांगतो, बावीस संध्याकाळी मी नोएडा सेक्टर पंच्याहत्तरला, आमच्या एकवीस मजली टॉवरच्या गच्चीवर, माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि तोंडाला मास्क, कारण हवेचा आकडा चारशेच्या वर, असा गुडघे टेकून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून, एका बोटाएवढ्या नळीतून बघतोय... आणि नळीत काय? अंधार. करायचं काय होतं? एका लोखंडी वस्तूचं तोंड उत्तरेकडे करून ठेवायचं. एवढंच काम.

आता तुम्ही म्हणाल, दुर्बीण ती दुर्बीण, डोळ्याला लावली आणि बघितलं. मलाही तसंच वाटायचं. नाही. दुर्बीण बिचारी गरीब असते, सगळा माज त्या माउंटचा. माउंट म्हणजे ज्याच्यावर दुर्बीण बसते ते धूड. खाली तीन पाय, वर एक तिरकी मान, त्या मानेतून निघालेला दांडा, दांड्याला पाच-पाच किलोची दोन वजनं. एवढं सगळं कशाला, तर पृथ्वी फिरते म्हणून. पृथ्वी फिरते हे मला चौथीपासून माहिती आहे, त्याचा मला आजवर काही त्रास झाला नव्हता. पण ताऱ्यांचा फोटो काढायचा तर तारे सरकतात, मग मोटर लावून दुर्बीणही त्यांच्या मागेमागे सरकवायची, आणि ती नीट सरकायची तर त्या तिरक्या मानेनं बरोबर ध्रुवाकडे बघितलं पाहिजे, कारण सगळं आकाश त्याच्याभोवती फिरतं. बाकीचे सगळे उगवतात, मावळतात, कुठे कुठे जातात, हा एकटा आपल्या जागी बसून. तसं बघितलं तर माझं आणि त्याचं जमायला काही हरकत नव्हती.

कारण मीही बसूनच आहे. मी सुखदेव वानखडे, चौतीस वर्षं केंद्र सरकारात, जुलैमध्ये अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो. शाल दिली, बुके दिला, 'सर, आते रहिएगा' म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर गेटवर पास मागितला. असो. घरात माणसं तीन. मिसेस, प्रभावती, केंद्र सरकारच्या शाळेत प्रिन्सिपल, त्यांची बदली झाली आसामात, सिल्चरला, रिटायरमेंटला अजून दोन वर्षं. मुलगी लुंबिनी जर्मनीत, बॉनला, खगोलशास्त्रात पीएचडी करते. आणि मी सेक्टर पंच्याहत्तरला, तीन बेडरूममध्ये. एका बेडरूममध्ये झोपतो, एकीत इस्त्रीचे कपडे ठेवतो, तिसरीत जात नाही.

त्या तिसरीत ही दुर्बीण होती. लुंबिनीची. गुरुग्रामला तिची पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं घेतली. रोज संध्याकाळी मेट्रोनं दीड तास उभी राहून यायची आणि लगेच ते धूड उचलून गच्चीवर. जाताना दारातून आवाज, 'बाबा, चलो ना ऊपर, पाच मिनिटं.' मी म्हणायचो, 'उद्या, बेटा. आज पार्लमेंट क्वेश्चन आलंय.' पार्लमेंट क्वेश्चन, म्हणजे खासदाराचा प्रश्न, आलंय म्हटलं की दिल्लीत पुढे कोणी काही बोलत नाही, आपलं लेकरूसुद्धा बोलत नाही. तीन हिवाळे मी उद्या म्हणालो. मग ती बॉनला गेली, आणि दुर्बीण खोक्यात गेली.

तर नोव्हेंबरातली गोष्ट. दर रविवारी लुंबिनीचा फोन यायचा, दहा मिनिटं. 'जय भीम बाबा, कसे आहात?' बरा आहे. 'जेवलात?' जेवलो. 'बीपीची गोळी?' घेतली. तीन प्रश्न, तीन उत्तरं, सभा बरखास्त. मग दोघंही नुसते श्वास घेत बसायचो, आणि 'चलो बाबा, ठेवते' म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि फोन ठेवला की लगेच वाईटही वाटायचं. तर त्या रविवारी तीन उत्तरं संपल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, 'लुंबी, ती तुझी दुर्बीण धूळ खातेय, कुणाला देऊन टाकू का?' ती म्हणाली, 'बाबा, नका ना देऊ. तुम्ही लावून बघा. डिसेंबरमध्ये मृग वर येतो, त्यातल्या नेब्युलाचा, म्हणजे ते धुक्यासारखं असतं ना, त्याचा फोटो काढा माझ्यासाठी. इथे पाऊस आणि ढग, मी दीड महिना एक तारा बघितलेला नाही.' मी म्हटलं, त्यात काय, काढतो. 'फक्त पोलर अलाइनमेंट करावं लागेल हां आधी.' म्हणजे? 'म्हणजे माउंट उत्तरेकडे करायचा.' एवढंच काम? 'एवढंच काम.'

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवार होता, संध्याकाळी सात वाजता तिचा फोन. सोमवारी. मला वाटलं काहीतरी अॅक्सिडेंट झालाय. 'लावलीत का बाबा?' म्हणून विचारायला केला होता. तिच्याकडे अडीच वाजलेले, जेवणाची सुट्टी. मी खोटंच म्हणालो, 'हो, आत्ता वरच घेऊन चाललोय,' आणि इस्त्रीचे कपडे तसेच टाकून धावत तिसऱ्या खोलीत गेलो.

लावायला पाच दिवस लागले. तीन पायांपैकी एका पायावर एन लिहिलंय, तो पाय उत्तरेला. उत्तर कुठे? मी फोनमधलं होकायंत्र उघडलं. ते म्हणालं, उत्तर लिफ्टच्या खोलीकडे. मी पाय लिफ्टच्या खोलीकडे केला. दुसऱ्या दिवशी उत्तर पाण्याच्या टाकीकडे. तिसऱ्या दिवशी डिश अँटेनाकडे. मी म्हटलं, दिल्लीत सरकार बदलतं, मंत्री बदलतात, उत्तर दिशा बदलताना पहिल्यांदा बघतोय. लुंबिनी म्हणाली, 'बाबा, फोनचं कव्हर कसलं आहे?' मी म्हटलं, चांगलं आहे, पाकिटासारखं, झाकण चट्कन बसतं. 'चट्कन का बसतं?' ...अहो, चुंबक. झाकणात चुंबक. तीन दिवस मी जिकडे चुंबक धरीन तिकडे उत्तर.

मग पाय सपाट जमिनीवर आहेत का ते बघायचं. त्याला एक काचेची डबी असते, आत पाणी, पाण्यात एक बुडबुडा, तो मधल्या गोलात आला पाहिजे. 'बाबा, बुलबुला बीचमध्ये आला का?' बुलबुला नाही ग, बुडबुडा. 'तेच ते. आला का?' येतोय... आला... गेला. एक पाय लांब केला की बुडबुडा तिकडे, दुसरा केला की इकडे. 'बाबा, श्वास घ्या.' अगं, मास्क आहे. 'मग हळू घ्या.' वीस मिनिटं आम्ही दोघं, एक नोएडाला, एक जर्मनीत, एका बुडबुड्याच्या मागे. आला शेवटी मधोमध, आणि ती तिकडून 'वा बाबा' म्हणाली, आणि मला, खोटं कशाला सांगू, प्रमोशनची ऑर्डर निघाली तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं.

मधेच सोसायटीचे सेक्रेटरी भल्लाजी वर. 'वानखडेजी, बी टॉवर की लेडीज़ को ऑब्जेक्शन है. कह रही हैं, अंकल ने छत पे कैमरा लगाया है.' मी साठ वर्षांचा माणूस, डोक्यावर माकडटोपी, गुडघ्यावर बसलेला... मी म्हटलं, भल्लाजी, लेखी देता हूँ. दुसऱ्या दिवशी दोन पानी अर्ज दिला, विषय, संदर्भ, परिशिष्टात नकाशा, उत्तरेला फक्त सी टॉवर, जो अजून बांधतायत आणि ज्यात कोणी राहत नाही. भल्लाजींनी अर्ज उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला, मग म्हणाले, 'दिखाओ, दिखता क्या है.' वाकले. डोळा लावला. खूप वेळ बघत राहिले. 'इसमें तो कुछ दिखता ही नहीं.' मी म्हटलं, जी, यही तो प्रॉब्लम है. परमिशन मिळाली.

कारण ध्रुव सापडतच नव्हता. त्या तिरक्या मानेत एक बारीक नळी असते, तिच्यातून ध्रुव दिसला पाहिजे. मानेचा कल किती ठेवायचा याला बाजूला एक स्केल असते, आणि कल म्हणजे आपण उभे आहोत तिथला अक्षांश, तो फोनमधलं दुर्बिणीचं अॅप सांगतं. अॅपनं सांगितलं वीस पॉइंट सात. मी ठेवला वीस पॉइंट सात. लुंबिनीनं विचारलं, 'बाबा, लॅटिट्यूड नीट टाकलंय ना?' बिल्कुल, अॅपनं दिलं तेच. आणि नळीत अंधार. डोळ्यांना म्हणाल तर सी टॉवरच्या बरंच वर एक फिकट तारा दिसायचा, वारा सुटून हवा जरा निवळली की रोज तिथेच. पण स्केल म्हणत होती की ध्रुव इतका वर असूच शकत नाही. आता रेकॉर्डवर आकडा असताना मी डोळ्यांवर कशाला विश्वास ठेवू?

आणि दहाव्या दिवशी सापडला. नळीच्या कडेला, ठळक, एका जागी. मी मुद्दाम एक तास लक्ष ठेवलं, जराही हलला नाही. जरा लाल होता, पण नोएडाच्या हवेत सूर्यसुद्धा विटकरी दिसतो. नळीला फोन लावून फोटो काढला आणि पाठवला. 'सापडला!' लिहिलं खाली. दोन मिनिटांनी फोन. 'बाबा... ध्रुव लाल नसतो.' मी म्हटलं, प्रदूषण. 'बाबा, फोटोत त्याच्या खाली काहीतरी आहे. काय आहे ते?' मी परत वाकलो, बघितलं. खाली... खाली शिडी आहे. सी टॉवरच्या क्रेनचा दिवा, हो. विमानांसाठी लावलेला. लुंबिनी हसायला लागली. एवढी हसली की तिकडे कोणीतरी तिला इंग्रजीत विचारलं, काय झालं, आणि ती त्यांना सांगायला गेली आणि सांगता सांगता परत हसली. बारावीच्या निकालानंतर मी तिला तशी हसताना ऐकलं नव्हतं. मीही हसलो. एकटाच, गच्चीवर, क्रेनकडे बघून.

तर असं रोज. सात वाजता फोन. आज काय केलं बाबा, आज वजनं मागे-पुढे करून बघितली, आज एन पाय तपासला, आज नळी पुसली. आणि तुम्हाला सांगतो, स्क्रू फिरवता फिरवता माणूस बोलतो. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. ती सांगायला लागली. की तिकडे साडेचारला अंधार होतो, बाबा. की घरमालकीण रविवारी कपडे धुऊ देत नाही. की पहिल्या महिन्यात ती एकदा बसमध्ये रडली, उगीच, कोणी काही म्हटलं नव्हतं, पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ माझ्यासारखी टोपी घालून बसले होते एवढंच. मी म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'तुम्ही विचारलं, जेवलीस का. मी जेवले होते.' मी म्हटलं, थांब, बुडबुडा सरकलाय. नव्हता सरकला.

मीही सांगितलं. ऑफिसच्या गेटवर पास मागितल्याचं सांगितलं, जे मी प्रभावतीलासुद्धा सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षांत बापलेकीचं जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांत झालं, आणि झालं कशामुळे, तर मला एक वस्तू उत्तरेकडे करता येत नव्हती म्हणून.

पण प्रभावती म्हणजे प्रिन्सिपल. त्यांचा फोन रोज साडेनऊला, आणि तो फोन नसतो, ते इन्स्पेक्शन असतं. 'गॅस बंद केला? गीझर? बोला, अजून काय?' मी बोलायला तोंड उघडेपर्यंत तास संपल्याची घंटा. तर बाविसाव्या दिवशी त्यांनी विचारलं, 'अहो, ते तुमचं दुर्बिणीचं झालं का?' मी म्हटलं, नाही, ध्रुव सापडत नाही. 'एवढी शिकलेली मुलगी सांगतेय, आणि बावीस दिवस सापडत नाही म्हणजे काय? चूक तुमची असणार. त्या अॅपमध्ये तुम्ही काय काय भरलंत ते क्रमानं सांगा.' मी म्हटलं, नाव, फोन नंबर, होम लोकेशन... 'थांबा. होम लोकेशनमध्ये काय लिहिलंत?'

मी फोन कानावरून काढून अॅप उघडलं.

'मूर्तिजापूर लिहिलंत ना?' अहो, लिहिलं होतं. चौतीस वर्षं सर्व्हिस बुकात होम टाउन, मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, वर शिक्का, खाली सही. गावी जायला एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास-सवलत, घेतली तर होम टाउन मूर्तिजापूर. बदलीचा फॉर्म असो, पेन्शनचा असो, होम असा शब्द आला की माझा हात आपोआप मूर्तिजापूर लिहून मोकळा होतो. मी म्हटलं, त्यांनी प्रेझेंट अॅड्रेस विचारला असता तर मी नोएडाच लिहिलं असतं ना, अॅपनं प्रेझेंट अॅड्रेस विचारलाच नाही. प्रभावती म्हणाल्या, 'बरं. गॅस बंद केला?'

रात्रभर झोप नाही. नकाशा काढून बसलो. तर गंमत बघा, मूर्तिजापूर आणि आमचं सेक्टर पंच्याहत्तर नकाशावर एका रेषेत आहेत, पट्टी ठेवून बघा, सरळ खालीवर. म्हणून बाकीचं सगळं जुळत होतं, वेळ जुळत होती, दिशा जुळत होती, फक्त उंची चुकत होती. मूर्तिजापुरातून ध्रुव आठ अंश खाली दिसतो. म्हणजे बसलो होतो नोएडाच्या गच्चीवर आणि बावीस दिवस शोधत होतो मूर्तिजापूरच्या आकाशात. आणि मूर्तिजापुरात आता माझं कोण आहे? कोणी नाही. आईबाबा गेले, भाऊ अमरावतीला, राहतं घर देऊन टाकलं त्यालाच अकरा वर्षं झाली. तिथे माझा एकही माणूस नाही, आणि मला कुणी होम विचारलं की मी तिथलाच. आणि इथे चौतीस वर्षं काढली, इथे मी प्रेझेंट. हसू आलं, आणि मग आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. वीस पॉइंट सातचे अठ्ठावीस पॉइंट सहा केले. तो पुढचा मोठा स्क्रू फिरवायचा, बस्स. मान वर वर आली, क्रेनचा दिवा नळीतून निघून गेला, थोडा वेळ काही नाही, आणि मग कडेनं एक बारीक पांढरा ठिपका आत आला. अगदी साधा. मी मधल्या गोलावर आणला, स्क्रू आवळला. मोटर सुरू केली, घुर्र घुर्र. एवढंच काम. पाच मिनिटं लागली. मी उठून उभा राहिलो आणि कुणाला सांगावं म्हणून आजूबाजूला बघितलं, तर टाकी, लिफ्टची खोली आणि डिश अँटेना.

सातला फोन आला, सांगितलं. होम टाउनचं सांगितलं तर परत क्रेनच्या वेळेसारखी हसली. मग तिनं सांगितलं तसा खोक्यातला तिचा कॅमेरा लावला, मृग सी टॉवरच्या उजवीकडून वर आला होता, तीन-तीन मिनिटांचे वीस फोटो काढले. एकही तारा हलला नाही. सगळे ठिपक्यासारखे ठिपके, आणि मधे ते गुलाबी धुकं, पंख पसरल्यासारखं. नोएडातून, हो, त्या हवेतून. त्यातला सगळ्यात चांगला पाठवला तिला. फोन नाही आला, मेसेज आला. तीन हृदयं, आणि खाली, 'बाबा, यू आर अ प्रो. आता तुम्हाला माझी गरजच नाही.'

कौतुक होतं ते. मीही कौतुक म्हणूनच वाचलं.

बुधवारी सात वाजले. सव्वासात झाले. मला वाटलं मीटिंग असेल. गुरुवारी सात. शुक्रवारी मी फोन चार्जिंगला लावून समोर बसलो, मग वाटलं वर रेंज चांगली येते, वर जाऊन बसलो. माउंट आपला उभा. ध्रुव मधोमध. बुडबुडा मधोमध. मोटर बरोबर. सगळं आपापल्या जागेवर, कुणाला काही विचारायला जागाच नाही. मी स्वतः फोन करावा, असं तुम्ही म्हणाल. करून काय विचारू, जेवलीस का? तिचीही चूक नाही. पोरीला काम आहे, थिसिस आहे, आणि बाबांचं काम झालेलं आहे. रविवारी आला फोन. कसे आहात, बरा आहे, जेवलात, जेवलो, गोळी, घेतली. मग दोघंही श्वास घेत बसलो. मला म्हणायचं होतं, लुंबी, तुझ्याशिवाय संध्याकाळ जात नाही ग. म्हणालो काय, 'तिकडे थंडी कशी आहे?' ती म्हणाली, 'आहे.' असे दोन आठवडे.

काल साडेसहाला वर गेलो. आणि तुम्हाला सांगतो, तो पुढचा मोठा स्क्रू मी दोन बोटांत धरला आणि उलटा फिरवला. एक आटा... दोन... चार आटे. ध्रुव सरकत सरकत कडेला गेला आणि नळीतून निघून गेला. बावीस दिवस ज्याला शोधला त्याला मी माझ्या हातानं घालवला. मग एन लिहिलेला पायही जरा सरकवला, कारण एकच चूक असली की पाच मिनिटांत निघते, हा मला अनुभव आहे. सात वाजता फोन लावला. म्हणालो, 'लुंबी, बेटा, ध्रुव परत सापडत नाहीये.'

'अरे, असं कसं? काय झालं?' काय माहीत, म्हटलं, कुणाचा तरी पाय लागला असेल. 'स्केलचा फोटो पाठवा बघू.' आता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? पाठवला. फोटोत स्वच्छ चोवीस दिसतंय. अठ्ठावीसच्या जागी चोवीस, हे कळायला पीएचडी लागत नाही, चौथी पुरते, आणि ही तर याच विषयात पीएचडी करतेय. मी स्क्रूवर हात ठेवून उभा, आता म्हणेल बाबा स्क्रू चार आटे सुलटा फिरवा, आणि चलो ठेवते.

ती हळूच म्हणाली, 'बाबा, हे जरा किचकट दिसतंय.' मी म्हटलं, हो ना. 'असं करू, आज फक्त बुलबुला बघू. पायाचं उद्या. स्क्रूचं... परवा?' परवा चालेल, म्हटलं. 'आणि घाई करू नका हां बाबा. मला पण काही घाई नाहीये.' मग तिनं आवाज जरा साफ केला आणि विचारलं की आज नळीत काय काय दिसत नाहीये ते सगळं सांगा, आणि मी सांगायला लागलो, पन्नास मिनिटं सांगितलं.

चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली हो, एकही फाइल मी मुद्दाम पेंडिंग ठेवली नाही... ही पहिलीच. आणि तिच्यावर खाली मुलीचीही सही आहे.